कष्टाची सवय होते, बेभरवशाची नाही

दसरा झाला की बीड जिल्ह्याच्या बालाघाट पट्ट्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतली माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि पाच-सहा महिने कोपीत राहून ती उचल टनाटनानं फेडायची असते. या माणसांवर ताण असतो हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. वाद आहे तो पुढचा. हा ताण शरीरात कसा उतरतो, मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी त्याला कसं उत्तर देतात, हे समजून घेण्याचा या माणसांना काही उपयोग आहे, की मूळ प्रश्नावरून नजर हटवायची ती आणखी एक सोय आहे? दोन्ही बाजूंचे मुद्दे वजनदार आहेत, म्हणून ते दोघांच्या तोंडी घातले आहेत. एक आहेत शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे डॉक्टर, दुसऱ्या ऊसतोड बायकांची संघटना बांधणाऱ्या ताई. माणसं कल्पित आहेत, पुरावे खरे आहेत.

ताई : डॉक्टर, आधीच स्पष्ट बोलते, राग मानू नका. आमच्या बायकांच्या शरीरात कुणी काही शोधायला निघालं की मला धास्ती वाटते. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. हे झालं कसं? फडावर संडास नाही, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही, पाणी नाही, एक दिवस बसलं तर खाड्याचे पैसे कापले जातात. या सगळ्याचा त्रास अंगावर निघाला आणि तपासणाऱ्याला दिसली ती फक्त पिशवी. दोष अवयवात ठरला, म्हणून अवयव काढला. खाडा होता तिथंच राहिला. काल पिशवी होती, आज तुम्ही मूत्रपिंडावरची ग्रंथी दाखवताय. उद्या कुणीतरी म्हणेल, बाई, तुझं हार्मोन वाढलंय, गोळी घे आणि दीर्घ श्वास घे. उचलीचं काय, हे कुणी विचारणार नाही. तुमचं शास्त्र खोटं आहे असं मी म्हणत नाही. ते कुणाच्या हातात पडतं, हे बघा म्हणते.

डॉक्टर : तुमची धास्ती रास्त आहे ताई, म्हणून मी सुरुवातच उलट्या टोकाने करतो. ऊस तोडणाऱ्या बाईच्या अधिवृक्क ग्रंथीत दोष नसतो. ती आपलं काम चोख करते. प्रत्येकी चार-पाच ग्रॅम वजनाच्या या दोन ग्रंथी. त्यांच्या गाभ्यावर थेट मज्जातंतूंची हुकमत असते. उसाच्या पाचटात साप दिसला तर काही सेकंदांत तिथून ॲड्रिनॅलिन सुटतं. बाहेरच्या सालीचं काम सावकाश चालतं. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचा संदेश सोडतो. तो मिळताच खालची पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच रक्तात सोडते. ते सालीपर्यंत पोचलं की तिथल्या पेशी कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसॉल बनवायला घेतात. या हार्मोनचा साठा करून ठेवायची सोय ग्रंथीत नाही, मागणी आली की ताजं बनवायचं. निरोगी माणसात दिवसाला ते साधारण दहा मिलिग्रॅम तयार होतं. एवढ्याशा ऐवजावर रक्तातली साखर टिकते, रक्तदाब खाली येत नाही आणि शरीरातला दाह हाताबाहेर जात नाही. तेव्हा कॉर्टिसॉल म्हणजे विष, ही वर्तमानपत्री समजूत आधी बाजूला ठेवू. ते मिळालं नाही तर माणूस साध्या तापानेही दगावू शकतो.

ताई : म्हणजे हायपोथॅलॅमस कारखाना, पिट्युटरी मुकादम आणि ग्रंथी म्हणजे आमची टोळी. वरून हुकूम येतो, खालच्यानं राबायचं. ही मांडणी आम्हाला शिकवायला नको.

डॉक्टर : हुकूम खाली येतो इथपर्यंत तुमची उपमा बसते, पुढे ती मोडते, आणि माझा सगळा मुद्दा त्या मोडण्यातच आहे. शरीरात टोळीने तयार केलेला माल परत वर जातो आणि हुकूम थांबवतो. कॉर्टिसॉल रक्तातून मेंदूत आणि पिट्युटरीत पोचतं आणि सीआरएच व एसीटीएच दोन्ही आवळून धरतं. मेंदूत ते ओळखणारे रिसेप्टर दोन प्रकारचे आहेत. एक अगदी थोड्या कॉर्टिसॉललाही चिकटतात आणि रोजची पातळी सांभाळतात. दुसरे पातळी चढल्यावरच भरतात आणि लगाम खेचतात. म्हणून घाबरल्यानंतर तासा-दोन तासांत शरीर ठिकाणावर येतं. टोळीने ठरलेले टन तोडले की कारखान्याचा हुकूम आपोआप बंद होईल, अशी सोय उसाच्या धंद्यात नाही. शरीरात ती आहे. पण या लगामाला एक मर्यादा आहे. तो साखळीचा स्वतःचा वेग रोखतो, धोक्याची नवी वर्दी रोखू शकत नाही. साप निघून गेला तर लगाम लागतो. साप रोज रात्री कोपीत येणार असेल, तर मेंदू रोज नवी वर्दी देणार आणि ग्रंथी रोज ती पाळणार. त्यामुळे आजारी कोण, हा प्रश्न ग्रंथीला विचारण्यात अर्थ नाही. वर्दी कोण देतंय, ते विचारावं लागतं.

ताई : हे मला पटतं. पण मग लोक जे बोलतात त्याचं काय? बाया म्हणतात, अंगात त्राण राहिलं नाही. मग कुणी सलाईन लावतं, कुणी ताकदीचं इंजेक्शन देतं, आणि आता शहरातून नवीन शब्द आलाय, ग्रंथी थकली म्हणे. राबून राबून माणूस थकतं तशी ग्रंथीही थकत असेल, यात चूक काय?

डॉक्टर : ऐकायला बरोबर वाटतं, म्हणूनच ते खपतं. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ‘नेचर’मध्ये एक छोटं टिपण छापलं. उंदरांना थंडी, जखम, विष, अतिश्रम असं काहीही दिलं तरी त्यांच्या शरीरात सारखेच बदल दिसतात, आणि त्यात अधिवृक्क ग्रंथी मोठी होते, हे त्यांनी दाखवलं. पुढे त्यांनी तीन पायऱ्या मांडल्या: इशारा, प्रतिकार आणि थकवा. त्या तिसऱ्या पायरीतून बाजाराने थकलेली ग्रंथी काढली. २०१६ मध्ये ब्राझीलच्या दोन अंतःस्रावतज्ज्ञांनी या कल्पनेवरचे ५८ अभ्यास तपासले. असा काही आजार आहे याला त्यांना आधार सापडला नाही. रोजच्या ताणाने ग्रंथीतलं कॉर्टिसॉल संपून जात नाही. तेव्हा त्राण नाही म्हणणाऱ्या बाईत आधी रक्त किती आहे ते बघावं, थायरॉइड बघावा, क्षयाची तपासणी करावी. क्षयाचं नाव मुद्दाम घेतो. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये ग्रंथी खरोखर निकामी होण्याचा आजार नोंदवला, आणि त्याच्यामागे बऱ्याचदा क्षय असे. आपल्या देशात आजही ते कारण गेलेलं नाही. वजन घटणं, उठलं की भोवळ येणं, मीठ खावंसं वाटणं आणि कातडी काळवंडणं ही त्याची लक्षणं. उन्हात राबणाऱ्या बाईची कातडी काळवंडली तर कुणाला नवल वाटत नाही, म्हणून हिरड्या आणि तळहाताच्या रेषा बघायच्या असतात, कारण तिथे ऊन पोचत नाही. थकवा हा शब्द सरसकट ताणाच्या खात्यावर टाकला की असा आजार हातातून निसटतो.

ताई : आणि ताकदीचं इंजेक्शन? सांधेदुखीची पुडी? बाजाराच्या दिवशी मिळते ती. दोन दिवसांत दुखणं पळतं, भूक लागते, गालावर मांस चढतं. माणसं म्हणतात, औषध मानवलं.

डॉक्टर : इथे ग्रंथीचं शास्त्र कळणं हा जीवन-मरणाचा प्रश्न आहे. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिझोन टोचलं आणि काही दिवसांत ती चालायला लागली. १९५० चं नोबेल त्यासाठी विभागून मिळालं. तेव्हापासून या कुळातली स्टेरॉइड औषधं वरदानही आहेत आणि सापळाही. लगाम कॉर्टिसॉलसारखा रेणू ओळखतो, तो कुठून आला हे त्याला कळत नाही. बाहेरून प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन आलं की मेंदू समजतो, माल भरपूर आहे. सीआरएच आणि एसीटीएच थांबतात, आणि ग्रंथीचं काम बंद पडून ती बारीक होत जाते. असं महिनाभर चाललं आणि पुडी अचानक संपली, तर ताप, जुलाब, अपघात, शस्त्रक्रिया अशा वेळी लागणारं कॉर्टिसॉल तिला बनवता येत नाही. उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, माणूस जाऊ शकतो. ग्रंथी पुन्हा जागेवर यायला काही आठवडे लागतात, कधी कित्येक महिने. गालावर चढलेलं ते मांस म्हणजे बहुधा स्टेरॉइडची सूज. पुडीवर नाव लिहिलेलं नसतं, हा त्यातला खरा धोका. नाव माहीत असतं तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवू शकला असता. योग्य जागी हेच औषध जीव वाचवतं. २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत रोज सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, पण ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता त्यांना फायदा झाला नाही. पुढच्याच वर्षी दुसऱ्या लाटेत तेच औषध सरसकट दिलं गेलं, त्याला अनियंत्रित मधुमेहाची जोड मिळाली आणि काळ्या बुरशीने महाराष्ट्रात काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं.

ताई : हे मी पोचवीन, बायांना ते कळलंच पाहिजे. पण डॉक्टर, हा झाला दवाखान्याचा विषय. मुकादम आणि कारखाना मला काय ऐकवतात ते सांगते. म्हणतात, ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या हेच करतायत, त्यांच्या अंगवळणी पडलंय, तुम्ही शहरातलं तणावाचं फॅड त्यांच्यात आणू नका. याला तुमच्या शास्त्रात उत्तर आहे का?

डॉक्टर : आहे, आणि ते त्यांना वाटतं तसं नाही. अंगवळणी पडणं खरं आहे. जर्मनीतल्या एका प्रयोगात वीस पुरुषांना पाच दिवस रोज परीक्षकांपुढे भाषण आणि तोंडी हिशोब करायला लावले. पहिल्या दिवशी जवळपास सगळ्यांचं कॉर्टिसॉल चढलं. दुसऱ्या दिवसापासून तेरा जणांचं चढणं ओसरलं, सात जणांचं चालूच राहिलं. तीच गोष्ट त्याच वेळी त्याच रीतीने होत राहिली की बहुतेक मेंदू वर्दी द्यायचं सोडतात. यातली अट लक्षात घ्या ताई: तीच गोष्ट, त्याच रीतीने. दुसरा पुरावा २००४ चा आहे. सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी या दोघींनी प्रयोगशाळेत झालेले २०८ अभ्यास एकत्र केले आणि कॉर्टिसॉल सगळ्यात जास्त कशाने चढतं ते पाहिलं. उत्तर निघालं, दोन गोष्टी एकत्र आल्या की: परिस्थितीवर आपला काही इलाज चालत नाही, आणि चार लोकांत आपली किंमत ठरवली जातेय. म्हणजे लाचारी आणि अब्रू. आता फडाकडे बघा. कोयत्याचा हात, मोळी बांधणं, पाचट काढणं ही रोजची गोष्ट आहे, तिची सवय होते. उचल किती फिटली याचा आकडा मुकादमाच्या वहीत असतो, कामगाराच्या हातात नसतो. त्याची सवय होत नाही. कारण दर हप्त्याला तो नव्याने कळतो, आणि टोळीसमोर कळतो. म्हणून अंगवळणी पडतं म्हणणाऱ्याला माझं उत्तर एवढंच: कष्टाची सवय होते, बेभरवशाची होत नाही.

ताई : थांबा, इथं मला अडवायला हवं. तुमचं हे वाक्य उद्या कारखान्याचा माणूस उचलेल आणि म्हणेल, बघा, कष्टाला हरकत नाही असं डॉक्टरच म्हणतात. तीसेक किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई गरोदर असली तरी चढते. त्याची सवय झाली म्हणून ते बरं ठरतं का? आणि गाडीची गोष्ट तर तुमच्या प्रयोगात कुठंच नाही. दिवसभर तोड करून बाई कोपीवर येते, स्वयंपाक करते, लेकरं झोपवते, आणि रात्री कितीही वाजता गाडी आली की निरोप येतो, भरणीला चला. अकराला येईल, दोनला येईल, नाहीच येणार, काही भरवसा नसतो. अंगावरचं लुगडं न बदलता पडायचं, कारण उठायचं कधी हे ठाऊक नाही. पहाटे चारला पुन्हा चूल.

डॉक्टर : कष्टाबद्दलची तुमची दुरुस्ती मी मान्य करतो. शरीराचा हिशोब एका हार्मोनवर चालत नाही. मणका, गुडघा, गर्भाशय यांची झीज कॉर्टिसॉल खाली आलं म्हणून थांबत नाही, आणि सवय झाली याचा अर्थ इजा टळली असा कुणी लावला तर तो अडाणीपणा ठरेल. पण तुमची गाडी माझ्या शास्त्राच्या अगदी मध्यभागी उभी आहे. कॉर्टिसॉलचं रोजचं वेळापत्रक असतं. ते मध्यरात्रीच्या आसपास तळाला जातं, पहाटे चढू लागतं आणि जाग आल्यावर थोड्या वेळात शिखर गाठतं. हे घड्याळ मेंदूत आहे आणि उजेड-अंधारावर ते लावलं जातं. रात्रपाळी ठरलेली असेल तरी ते पूर्णपणे फिरत नाही, आणि पाळीच ठरलेली नसेल तर कशाशी जुळवून घ्यायचं हे त्याला कळायचा मार्ग नाही. १९९९ मध्ये शिकागोत अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. त्यांचं संध्याकाळचं कॉर्टिसॉल, जे उतरायला हवं, ते चढलेलं राहिलं आणि साखर पचवायची ताकद घटली. ती मुलं तरणीबांड होती, बिछान्यावर पडून होती आणि भरपेट जेवत होती. तुमच्या बाईची झोप तेवढीच असेल तर तिची बाजू त्यांच्याहून दुबळीच असणार. २००७ मध्ये ग्रेगरी मिलर आणि सहकाऱ्यांनी दीर्घ ताणावरचे अभ्यास एकत्र केले, त्यातही हेच दिसतं. जो ताण आवाक्याबाहेरचा असतो, जिवाला धोका आणतो, त्यात कॉर्टिसॉलचा दिवसाचा चढ-उतार सपाट होतो: पातळी वर आणि रात्रीचा उतार नाही. मला भीती शिखराची नाही, उतार हरवण्याची आहे. दुरुस्तीचं काम त्या उतारात होतं.

ताई : तुमचे पुरावे जर्मनीचे, शिकागोचे. आमच्या वडवणीच्या बाईला ते कसे लावायचे? गरीब शेतकऱ्यावर, कर्जावर, दुष्काळावर कुणी मोजलंय का? आणि मी काही अगदीच अडाणी नाही. केनियात लोकांना फुकट रोख रक्कम वाटली आणि हार्मोन मोजलं, हे माझ्याही वाचण्यात आलंय. त्यात सरासरीला हार्मोन काही उतरलं नव्हतं. मग गरिबी हटवायला पैसा देऊन उपयोग नाही, असा निष्कर्ष काढायचा का?

डॉक्टर : हा तुमचा सगळ्यात जड आक्षेप आहे, त्याला टाळून चालणार नाही. केनियातच २०१३ मध्ये दुसरं एक काम छापून आलं. पाऊस कमी पडला की गरीब शेतकऱ्यांचं कॉर्टिसॉल चढतं, आणि ज्यांचं पोट फक्त शेतीवर आहे त्यांच्यात हा परिणाम जास्त दिसतो, असं त्यात आढळलं. ज्या पावसावर तिथलं हार्मोन हलतं त्याच पावसाच्या लहरीवर बीडमधला माणूस कोयता हातात घेतो. आता तुमचा रोख रकमेचा अभ्यास. तो २०१६ चा आहे. त्यात लोकांची मनःस्थिती सुधारली, खाणंपिणं सुधारलं, आणि सरासरी कॉर्टिसॉल हललं नाही. यातून पैसा निरुपयोगी ठरत नाही. ठरतं ते असं की एका नमुन्यातलं कॉर्टिसॉल हा धोरणाचा न्यायाधीश होऊ शकत नाही. हे हार्मोन तासातासाला उसळ्या मारतं, जाग कधी आली यावर बदलतं. भरणी करून चारला उठलेल्या बाईचा आणि सातला उठलेल्या बाईचा सकाळचा नमुना एका मापाने तोलताच येत नाही. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा २०१३ चा अभ्यासही इथे घ्या. तोडणीआधी हातात पैसा नसताना त्यांची बुद्धीच्या चाचण्यांतली कामगिरी घसरली, पैसा आल्यावर सुधारली. तोडणीआधी त्यांच्यात ताण जास्त होता, पण ती घसरण एकट्या ताणाने समजावता आली नाही. म्हणजे टंचाई शरीरात अनेक वाटांनी शिरते, हार्मोन त्यातली एक वाट. म्हणून फडावर लाळेच्या नळ्या घेऊन जा असं मी म्हणत नाही. अन्याय सिद्ध करायला हार्मोनची साक्ष लागत नाही. अन्यायातली कुठली गाठ आधी सोडवायची, हे मात्र त्याच्या शास्त्रातून कळतं.

ताई : मग गाठ सांगा. माझ्या मागणीपत्रात दर आहे, विमा आहे, लेकरांची शाळा आहे. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात चौतीस टक्के वाढ ठरली, ती लढून मिळाली. तुमच्या ग्रंथीच्या शास्त्रातून त्यात नवीन ओळ कोणती येते?

डॉक्टर : तीन ओळी येतात. गाडीची वेळ ठरवा आणि रात्रीचे काही तास भरणी बंद ठेवा. उचलीचा आणि टनांचा हिशोब दर आठवड्याला लेखी, कामगाराच्या हातात द्या. आजारपणाचा खाडा बंद करा. यातली एकही ओळ तुम्हाला अपरिचित नाही हे मला माहीत आहे, पण त्या सोयींच्या यादीत तळाला असतात. दर वाढला म्हणून गाडी वेळेवर येत नाही, आणि वही मुकादमाकडेच राहते. या तिन्ही ओळींनी वर्दी कमी होते. पहिलीने रात्र परत मिळते, दुसरीने आवाक्यात काहीतरी येतं, तिसरीने टोळीसमोरची मानहानी थांबते. कॉर्टिसॉल ज्या कारणांनी चढतं असं प्रयोगांत दिसलं, तीच कारणं इथे एकेक करून काढली जातात.

ताई : कारखाना काय म्हणेल तेही ऐका. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक उतरते, मिल चोवीस तास चालते, मग गाडी रात्री भरावीच लागेल. हे खोटं नाही, उतारा घटतो हे आम्हालाही कळतं. पण माझं उत्तर तयार आहे. तीच मिल चोवीस तास चालते म्हणून कारखान्याच्या आत तीन पाळ्या आहेत. मिलवरच्या माणसाला कुणी सांगत नाही की तू दिवसभर राब आणि रात्री बोलावू तेव्हा ये. पाळी गेटच्या आत चालते आणि गेटबाहेर संपते. उसाची घाई जर एवढी खरी आहे, तर तिचा भार फक्त फडातल्या बाईच्या झोपेवर का?

डॉक्टर : या उत्तराला बाहेरचा आधारही आहे. मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड कामगारांत, विशेषतः निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये, मूत्रपिंड निकामी होण्याची साथच आली. तिथे ठरलेल्या वेळाने पाणी, विश्रांती आणि सावली द्यायला सुरुवात झाली, तेव्हा मूत्रपिंडाची इजा घटल्याचं मोजमापात दिसलं. ऊस तोच, मिल तीच, ऊन तेच. कामाची मांडणी बदलली तर शरीरातला आकडा बदलतो, हे साखरेच्याच धंद्यात दिसून आलं आहे. तेव्हा ऊस आहे म्हणजे असंच चालणार, हा युक्तिवाद टिकत नाही.

दोघांचं बोलणं इथपर्यंत आलं की सुरुवातीचा वाद तसा उरत नाही, पण ताईंची धास्तीही संपत नाही, आणि संपू नये. ताणाचं हार्मोन माहीत झालेल्या समाजाला दोन रस्ते मोकळे असतात. पहिला रस्ता माणसाला आतून दुरुस्त करायला निघतो: प्राणायाम, समुपदेशन, गोळी. यातलं काहीच वाईट नाही, आणि ज्याचा आजार खरा आहे त्याला उपचार मिळालेच पाहिजेत. पण लगाम धडधाकट असताना लगामावरच उपचार करत राहणं म्हणजे १३,८६१ पिशव्या काढणाऱ्या विचाराचीच पुढची पायरी. दुसरा रस्ता शरीराची साक्ष बाहेर घेऊन जातो. शरीर म्हणतं, संकट थांबणारं असेल तर मी सावरेन, वेळ ठरलेली असेल तर जुळवून घेईन, हिशोब माझ्या हातात असेल तर रात्री झोपेन. लाखो वर्षांत घडलेल्या या यंत्रणेला संकटाचं वावडं नाही. संकट कधी संपणार हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवावं आणि ते सांगूही नये, याला मात्र तिच्यापाशी उत्तर नाही. म्हणून यापुढे एखादा साखर कारखाना किंवा सरकारी खातं ऊसतोड कामगारांसाठी तणावमुक्तीचं शिबिर भरवणार असेल, तर जरूर भरवावं. फक्त उद्घाटनाआधी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात: आज रात्री दहा ते पहाटे चार भरणी बंद आहे का, आणि समोर बसलेल्या प्रत्येक कोयत्याच्या हातात त्याच्या उचलीचा लेखी हिशोब आहे का. दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर मंडप उतरवून तो खर्च वजनकाट्याच्या पावत्या छापण्यावर करावा. ताण त्याने जास्त उतरेल.